पिवळ्या माद्यांचं सासर

३ ऑगस्ट, रविवार

आज ठरवलं. शहापुरात अस्सल आफ्रिकन सिक्लिड माशांची पैदास होणार, आणि ती माझ्या घरी. एवढ्यात कुठे बोलायचं नाही. (वाचनालयात चौघांना सांगितलं. त्याला बोलणं म्हणत नाहीत.)

कल्याणला दुकानात गेलो. टाकीवर पाटी: ‘मिक्स आफ्रिकन’. विचारलं, यांची आई कोण, बाप कोण? दुकानदार म्हणाला, सर, तुम्हाला मासे पाहिजेत की स्थळ? तिथेच उभ्याउभ्या दहा मिनिटं बोललो. भेसळीने एका पिढीत वंश कसा बुडतो ते सांगितलं. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. टाळ्या पडल्या नाहीत, कारण सगळ्यांच्या हातात पाण्याच्या पिशव्या होत्या.

निघताना एक घेतला. निळा, अंगावर काळे पट्टे. पैदाशीसाठी नव्हे, अभ्यासासाठी. नाव ठेवलं सरदार.

५ ऑगस्ट, मंगळवार

सौ. अनिताला बाहेरची खोली शिवणक्लासला हवी आहे. आठ बायका तयार आहेत म्हणते. गेल्या वर्षी याच खोलीत माझी अळंबी होती हे तिने विनाकारण काढलं. त्या अळंबीचं काय झालं हेही काढलं.

करार झाला. दसऱ्यापर्यंत टाकीत अस्सल पिल्लं दिसली पाहिजेत, आणि ती अस्सल आहेत हे माझ्याशिवाय दुसऱ्या जाणकाराने सांगायला हवं. नाहीतर खोली तिची. लगेच मान्य केलं. दोन महिने म्हणजे पुष्कळ.

जाता जाता म्हणाली, सभेत सांगता माणसाला जात नसते, आणि घरी माशाची जात काढता. दोन्हींतला फरक मी मुद्देसूद समजावला. तिसऱ्या मुद्द्याला ती भात लावायला गेली होती.

१० ऑगस्ट, रविवार

सापडला! मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. साईनाथ नावाचा तरुण. कंपनीत पाळ्या करतो आणि जुन्या गोठ्यात अकरा टाक्या सांभाळतो. त्याच्याकडे यलो लॅब आहेत: मलावी सरोवरातले, पिकल्या लिंबासारखे पिवळे, पाठीच्या पराला काळी किनार. प्रत्येक पिल्लाचे आईबाप वहीत लिहिलेले. मी ती वही उभ्याने वाचली. डोळे भरून आले.

एक नर, तीन माद्या मागितल्या. तो म्हणाला, किमतीचं मागनं बघू, आधी घर बघतो. मला वाटलं गंमत करतोय. त्याची आई गीताबाई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, कोंबडीपन आमी घर बघूनच देतो, मास्तर.

२४ ऑगस्ट, रविवार

मायलेक घर बघून गेले.

साईनाथची अट एकच: त्या टाकीत दुसऱ्या जातीचा मासा नको. सरदारला सकाळीच बादलीत घालून न्हाणीत ठेवलं, वर ताट झाकलं. साईनाथने पाणी तपासलं, दगड हलवून पाहिले आणि थेट विचारलं, टाकीत अजून कोन? मी म्हणालो, टाकीत कुणी नाही. यातला एकही शब्द खोटा नाही.

मग गीताबाईंना पाय धुवायचे होते. न्हाणी कुठे म्हणाल्या. मी म्हणालो, पाणी गेलंय. त्याच क्षणी अनिताने स्वयंपाकघरात नळ सोडला, तोही पूर्ण. गीताबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि अंगणात जाऊन पाय धुतले.

पसंती आली. गौरी येतील त्या दिवशी मासे न्यायचे. पुढे पितरांचा पंधरवडा, त्यात आमी काय देत नाय, असं गीताबाई म्हणाल्या.

३१ ऑगस्ट, रविवार

पुढे अनिता गौर घेऊन, मागे मी पिशव्या घेऊन. गीताबाईंनी फोनवर सांगितलं म्हणून अनिताने टाकीच्या काचेला हळदकुंकू लावलं. मी तत्त्वतः विरोध नोंदवला. पण माद्या स्वस्थ झाल्या, हे मान्य करावं लागेल.

४ सप्टेंबर, गुरुवार, दुपारी १

चारला मुरबाडच्या गणेश मंडळात व्याख्यान. विषय ‘तरुणाई आणि संयम’. ऐन निघताना अनिताला सरदारची बादली हवी, पाहुण्यांच्या चादरी भिजवायच्या आहेत. सरदारला फक्त तासाभरासाठी टाकीत सोडलं आहे. चादरी झाल्या की त्याला बादलीत काढायचं, हे अनिताला सांगायचं आहे.

रात्री ९

सांगायचं राहिलं. व्याख्यान सव्वादोन तास चाललं. सरदार टाकीतच होता, ऐन मध्यभागी. पिवळा नर कोपऱ्यात, शेपटी फाटलेली. सरदारला पुन्हा बादलीत काढलं. एका दुपारीत काय होतंय? विषय संपला.

६ सप्टेंबर, शनिवार

थोरल्या मादीने खाणं सोडलं. गाल फुगलेत. अंडी तोंडात धरली! ही आई तीन आठवडे पिल्लं तोंडात वाढवते आणि तोवर अन्नाला शिवत नाही. विजय माझाच.

बाप कोण, असा एक क्षुद्र विचार मनात आला. झटकून टाकला. तिचा हक्काचा नर टाकीत आहे. साईनाथला फोन करून बातमी दिली. सरदारचा विषय निघाला नाही. मी काढला नाही म्हणून निघाला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

मादी रोडावली. पोट आत गेलंय. ती मधेच अंडी गिळेल या धास्तीने मी खोलीत चप्पल घालत नाही, खोकत नाही. अनिता टाकीसमोर बसून भाजी निवडते. आज म्हणाली, ही बिचारी तीन आठवडे तोंड उघडत नाही, तुम्हाला तीन मिनिटं जमेल का? उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर हसली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ६.४०

सोडली! सतरा पिल्लं! दोनदा मोजली.

७.१५

अंगावर पट्टे आहेत. खिडकीच्या गजांची सावली असणार.

७.३०

पडदा ओढला. सावली गेली, पट्टे आहेत.

८.००

जन्मताना ताण पडतो. ताणाने रंग बदलतो. असं कुठेतरी वाचलं आहे. नक्की वाचलं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

साईनाथ आणि गीताबाई भोपळ्याच्या गोड घाऱ्या घेऊन आले. मी दिवा बंद ठेवला होता. पिल्लांना उजेड सोसत नाही म्हणालो. साईनाथने मोबाइलचा टॉर्च लावला. एकेक पिल्लू न्याहाळलं. मग विचारलं, सर, ह्यांच्यात अजून कोन व्हता?

सत्यावर मी तीस वर्षं बोलतो आहे. सुरुवात केली, प्रश्न असा आहे की...

तेवढ्यात गीताबाई न्हाणीतून पाय पुसत आल्या. म्हणाल्या, पोरांचा बाप बादलीत बसलाय रे.

तो ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं तयार होती. तो एवढंच म्हणाला, तवाच सांगितलं असतं तर त्याच्यासाठीपन मी एक टाकी दिली असती, सर. मग वही काढली, माझ्या नावाचं पान आडव्या रेघेने खोडलं आणि तिन्ही माद्या, नर पिशव्यांत भरले. गीताबाई अनिताला म्हणाल्या, लेकी माहेराला नेतो गो, तुझ्यावर राग नाय. घाऱ्यांचा डबा ठेवून गेल्या.

पट्टेवाले सतराही माझ्याकडेच राहिले.

३० सप्टेंबर, मंगळवार

खूप विचारांती बाहेरची खोली अनिताला देण्याचा निर्णय घेतला. स्त्रियांच्या स्वावलंबनाला माझा कायम पाठिंबा आहे. (मशीन कालच येऊन पडली होती.)

२ ऑक्टोबर, दसरा

टाकी ओटीवर. खोलीत चार मशीन, झेंडूच्या माळा, आठ बायका. उद्घाटनाचं भाषण मीच करणार, असं मी धरून चाललो होतो. अनिताने दोन मिनिटं दिली. स्त्री, श्रम आणि सत्य असे तीन मुद्दे काढले होते.

पहिल्या मुद्द्याच्या मध्यावर तिने मशीन सुरू केलं. मग बाकीच्या तिघींनीही.

आवाज खणखणीत आहे. मशीनचा.