शेरा: घरी गेला

डॉक्टर, मला मोठं करतायत. मॅनेजर तर मी आहेच, आपल्या जनावरांच्या दवाखान्याच्या डोंबिवली शाखेची. आता ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सगळ्या शाखा माझ्याकडे येणार, आणि उद्या सोमवारी कोलशेतच्या ऑफिसात जाऊन पत्रावर सही करायची आहे. आज रविवार, दुपारनंतर दवाखाना बंद असतो, तेव्हा मी काउंटरवर एकटीच बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली हे मला ठाऊक आहे. सही करावी की नाही हे विचारायला दुसरं कोणी मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ही गोष्ट मी त्यांना सांगू शकले नसते.

तुमच्याकडे आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कोपरीतली तुमची ती एक खोली, मध्ये पत्र्याचं टेबल, बाहेर दोन बाकं. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या घरी सकाळी पाणी आलं नाही की मी तोंडसुद्धा तुमच्या बेसिनवर धुवायचे आणि तुम्ही न पाहिल्यासारखं करायचात. कुत्र्यामांजरांची मला भीती वाटायची. तुम्ही म्हणालात, "अगं, तुला त्यांना धरायचं नाहीये. तुला माणसांना धरायचंय." त्या एका वाक्यावर माझी सगळी नोकरी उभी आहे. पुढे मी मॅनेजमेंटचा कोर्स केला, दर रविवारी ठाण्याला जाऊन. तिथे हेच इंग्रजीत तीन महिने शिकवलं.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला झापलं होतंत. फोन आला, आमचा मोती कसा आहे म्हणून, आणि मी सरळ सांगून टाकलं, "मेला तो, सकाळीच." तुम्ही हात धूत होतात. तसेच ओले हात घेऊन आलात, माझ्या हातातून रिसीव्हर घेतलात, त्या माणसाशी दहा मिनिटं बोललात. मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता, म्हणालात, "तुझे आजोबा गेले, असं सांगितलंस ना तू परवा? मग मोती मेला कसा? आपल्याकडे कोणी मरत नाही. घरी जातो." मी चिडून विचारलं, मग रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं? तुम्ही म्हणालात, हेच लिहायचं. बरा होऊन जाईल त्याच्यापुढे 'सोडला', आणि दुसरा, त्याच्यापुढे 'घरी गेला'.

आणखी एक नियम होता तुमचा. टेबल पुसून, सुई-औषध मांडून झाल्याशिवाय बाहेरच्या पेशंटचं नाव घ्यायचं नाही. "नाव घेतलंस की तो उठून येतो. तयारी नसेल तर नाव घेऊ नकोस." मी मनात हसायचे. इतकी कसली तयारी, बाहेर बसलेलं पामेरियन तर आहे.

तुम्ही गेल्यावर दवाखाना या कंपनीने घेतला. मला म्हणाले, तुमच्या डॉक्टरांचे जितके पेशंट सोबत आणाल तितका तुमचा इथे विचार होईल. मी चारही रजिस्टरं कापडी पिशवीत घालून आणली आणि महिनाभर एकेक नाव कॉम्प्युटरवर चढवलं. तिथे प्रत्येक नावापुढे दोनच पर्याय होते, 'चालू' आणि 'मृत'. 'घरी गेला' असा पर्याय कंपनीकडे नव्हता. मी सगळ्यांपुढे चालू केलं. माझी यादी सगळ्यात लांब निघाली, आणि पुढे डोंबिवलीची शाखा मला मिळाली ती याच यादीवर. इतकी वर्षं ती नावं तिथे गप पडून होती, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

यंदा नवीन पद्धत आली. मशीन आपणहून यादीतल्या प्रत्येकाच्या घरी तपासणीचा मेसेज पाठवतं, आणि तोही जनावराच्या तोंडचा. आता मालक म्हणायचं नाही बरं का डॉक्टर, 'पेट पेरेंट' म्हणायचं. मराठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'आई, खूप दिवस झाले, मला डॉक्टरांकडे कधी नेणार? मी वाट बघतोय.' खाली त्या त्या जनावराचं नाव. वरच्या मॅडमना इतकं आवडलं की त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी फुलून घरी गेले. मेसेज कोणाकोणाला जाणार हे त्या दिवशी माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी स्वतःला सांगत असते.

पहिल्या आठवड्यात कोपरीच्या एका जुन्या पेशंटच्या घरच्या, बंद पडलेल्या नंबरावरून उत्तर आलं. नुसतं 'हो'. तो नंबर बंद आहे हे मला पक्कं माहीत होतं, मीच पूर्वी कितीदा लावून पाहिला होता. त्यापुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कोळीणआजी कोपरीहून थेट इथे डोंबिवलीला आल्या. तुम्हाला आठवतील, खाडीकाठच्या, बोक्याला मासळीच्या टोपलीत घालून आणायच्या, आणि तुम्ही म्हणायचात की या बोक्याला औषध नको, उपास हवा. त्यांचा राजा तुमच्याच टेबलावर गेला होता. आता आजी वाकल्यात, पण टोपली तीच, वर फडकं झाकलेलं. काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणाल्या, "तुमी बोलावला ना, मंग आनला त्याला."

मला वाटलं, दुसरा बोका असेल. राजा गेल्यावर दुसरा पाळला असेल आणि नावही तेच ठेवलं असेल, लोक ठेवतात. मी टोपली काट्यावर ठेवायला सांगितली. काट्याने तीन किलो आठशे दाखवलं. राजाचा जुना कागद उघडला, तर शेवटचं वजन, टोपलीसकट, तीन किलो आठशे. टोपलीतून आवाज नाही, हालचाल नाही. डॉक्टर, मी फडकं उचललं नाही. हात पुढे नेला आणि तुमचं ते नाव घेण्याबद्दलचं बोलणं आठवलं, आणि हात तिथेच राहिला. आमचे तरुण डॉक्टर आत दुसऱ्या कामात होते. मी आजींना म्हटलं, सगळं छान आहे, काळजी नको. आजी म्हणाल्या, "मना ठाव हाय." पाच मिनिटं बाकाच्या कोपऱ्यात बसल्या, कोणाशी तरी पुटपुटल्या, आणि टोपली कमरेवर घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात कुत्री भुंकत नाहीत. तुम्हाला माहीत आहे सकाळचा गोंधळ कसा असतो. लॅब्रेडोर, पग, गल्लीतून उचलून आणलेली, सगळी एकमेकांच्या अंगावर. आता सगळी गुमान बसतात. बाकाचा तो कोपरा रिकामा असतो. खोली गच्च भरली, माणसं उभी राहिली, तरी तिथे कोणी बसत नाही. एका बाईंना मी म्हटलं, बसा ना तिथे. त्या म्हणाल्या, "नको, तिकडे आहे ना कोणीतरी," आणि मग स्वतःच गोंधळून हसल्या. तरुण डॉक्टर खूश आहेत. म्हणतात, "मॅडम, तुम्ही काय जादू केलीत? एकदम शांत झालंय सगळं." मी म्हटलं, व्यवस्थापन.

मग तक्रार गेली. एका गृहस्थांनी वर लिहून कळवलं की आमचा शेरू जाऊन बारा वर्षं झाली, त्याच्या नावाने मेसेज पाठवताना लाज कशी वाटली नाही. त्याच आठवड्यात माझी बढतीची मुलाखत होती. कोलशेतचं ऑफिस चकाचक आहे, काचेतून खाडी दिसते, आणि थंडी इतकी की मी पदर घट्ट लपेटून बसले. मॅडमनी सगळं छान छान विचारलं, लोकांना कसं सांभाळता, भांडणं कशी मिटवता. शेवटी म्हणाल्या, "आणि हे गेलेल्या जनावरांचं काय झालं? कोणाची चूक?"

तिथे खरं सांगितलं असतं तर काय होणार होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. बढती जाणार, आणि जिच्या जोरावर शाखा मिळाली ती यादीच खोटी म्हणून कदाचित शाखाही जाणार. दिव्याच्या त्या नळाच्या रांगेपासून इथवर मी कशी आले हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "मॅडम, जुने डॉक्टर होते आमचे. मृत्यूची नोंदच नीट करायचे नाहीत. घरी गेला, असं काहीतरी लिहून ठेवायचे. अक्षरही वाचता येत नसे. चढवताना कळणार कसं?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "ओल्ड स्कूल. या लोकांचं काय करणार!" आणि मीही हसले. बाहेर पडेपर्यंत पत्र तयार होतं.

नव्या पदाचं पहिलं काम म्हणून त्यांनी मला यादी साफ करायला सांगितली, आणि ज्यांना चुकून मेसेज गेले त्यांना फोन करून माफी मागायला. आज सकाळपासून तेच करतेय. लोक बरे असतात, डॉक्टर. बहुतेकांनी तुमचीच चौकशी केली. मी एकेक फोन ठेवायचे आणि त्या नावापुढे 'मृत' करायचे. शेवटी आजींना लावला. म्हटलं, आजी, चूक झाली आमची, राजाच्या नावाने मेसेज यायला नको होता, माफ करा. आजी म्हणाल्या, "चूक कसली गो? तुमी बोलावलं, मी आनून सोरला. मी कं त्याला परत नेलाय? तुमचेकरंच हाय तो." मी म्हटलं, आजी, आमच्याकडे कसा असेल, तुम्ही टोपली घेऊन गेलात की. त्या म्हणाल्या, "टोपली नेली. रिकामी व्हती." आणि मग अगदी समजुतीने, जसं नव्या मुलीला सांगतात तसं, "त्याला खायला घालतंस ना?"

फोन ठेवल्यापासून मी बाकाकडे पाठ करून बसलेय. राजाच्या नावापुढे अजून 'चालू' आहे. ते बदलायला हात जात नाही, बदललं तरी तो जाईल असं वाटत नाही, आणि नाही बदललं तर बाकीचेही येतील असं वाटतं. तुम्ही असतात तर तिकडे गेला असतात, उकिडवे बसला असतात, त्याच्याशी दोन शब्द बोलला असतात आणि त्याला घरी पाठवलं असतंत. ते कसं करायचं ते मी कधी शिकलेच नाही. मी फक्त लिहून घ्यायला शिकले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, कोपरीच्या त्या जागेवर आता टॉवर आहे. पण एक गोष्ट इथे तरी खरी लिहिते. शेवटची दोन वर्षं तुमचा हात थरथरायचा म्हणून तुम्ही सांगायचात आणि रजिस्टर मी भरायचे. राजाची ओळ, शेरूची ओळ, त्या दोन वर्षांतल्या सगळ्या ओळी माझ्या गोल अक्षरात आहेत, कोणालाही वाचता येतील अशा. 'घरी गेला' म्हणजे काय हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली उरले होते ती मी. त्यांना बोलावलं मी, डॉक्टर, आणि नाव सांगितलं तुमचं.