हा प्रश्न धड्यात नाही

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना चढू नका म्हटलं तरी तुम्ही चढणारच, म्हणून सांगत नाही. तुमच्या भावाचा खोकला गेला. मार्चअखेर ते निवृत्त होतील, शाळेत निरोपाची तयारी सुरू झालीय.

आता तक्रार. लहानपणी नदीत बुडणाऱ्या भावाला तुम्ही केस धरून ओढून काढलंत, हे मला लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर कोणाकडून कळावं? कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंकडून! त्यांची मुलगी यांच्या वर्गात आहे, आठवीत. "सर पाण्याला का घाबरतात ते कळलं हो," म्हणाल्या. मी आपली "हो ना" करत हसले, जसं काही मला सगळं पाठच आहे. औषध घेतलं आणि सुटे पैसे तिथेच विसरून आले.

तुम्ही तरी का नाही सांगितलंत? असो.

ताई, हा माणूस घरात तोंड उघडतो ते जेवायला. "मीठ हवं?" "हं." "झोपताय?" "हं." आणि वर्गात? नद्या शिकवताना बालपण, डोंगर शिकवताना मित्राशी झालेलं भांडण, नकाशा काढताना घर सोडून पळून जायचा बेत! वर्गभर पोरांना माझा नवरा माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जळते हो मी त्यांच्यावर. एवढ्याएवढ्या पोरांवर! लाज वाटते, पण पोटात दुखतं ते दुखतंच.

गेल्या आठवड्यात ते चष्मा विसरून गेले, म्हणून द्यायला मी शाळेत गेले. खरं सांगू? चष्मा मीच उशीखाली सरकवला होता. वर्गाच्या खिडकीशी बाहेर उभी राहिले. फळ्यावर वाऱ्यांचे बाण काढलेले, आणि स्वारी फळ्याकडे पाठ करून, मी रागावले की भांडी कशी आपटते त्याची नक्कल करत होती. पोरं खिदळत होती. माझा नुसता तिळपापड झाला. आत घुसणारच होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, निवृत्त झाल्यावर काय करणार?"

त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "भीती वाटते रे. समोर धडा असला की त्याच्या आडून मला काहीही बोलता येतं. घरी धडा नसतो. तिच्यासमोर बसलो की काय बोलू तेच सुचत नाही. बिचारी वाट बघून बघून उठून जाते."

म्हणजे यांना माहीत होतं! मी वाट बघते हे माहीत होतं, आणि तेही सांगितलं ते त्या पोरांनाच. चष्मा शिपायाकडे दिला आणि घरी येऊन रडले. एप्रिलपासूनचं घर डोळ्यांपुढे आलं. दोन खुर्च्या, दोन कप आणि दिवसभर "हं". मला नाही राहता येणार हो तसं.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने औषधांच्या दुकानात गेले आणि त्या मुलीकडे भूगोलाचं पुस्तक मागितलं. कार्टी हुशार. काही न विचारता म्हणाली, "काकू, सर आधी धडाच शिकवतात. त्यांना भरकटवायचं तर मधेच भलता प्रश्न विचारायचा. छोटासाच. आणि विचारताना त्यांच्याकडे बघायचं नाही, वहीत बघायचं." जिच्यावर जळायचं, तिच्याकडेच शिकवणी!

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलं. म्हटलं, "मला वारे शिकवा."

"तुला?"

"का, मला अक्कल नाही?"

चष्मा लावून शिकवायला बसले. आणि काय सांगू, सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त वारे! एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी प्रश्न विचारायचाही विसरले. पोरांना गोष्टी आणि मला नुसता अभ्यासक्रम? त्या रात्री मी खरोखरच भांडी आपटली.

काल नद्यांचा धडा घेतला. नदी डोंगर उतरून सपाटीवर आली, तेव्हा मी वहीत बघत विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का हो?"

पेन्सिल थांबली. "हा प्रश्न धड्यात नाही."

"माहीत आहे."

मी वर बघितलं नाही, वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढत राहिले. मग पुस्तक न मिटता त्यांनी बाजूला सरकवलं आणि सांगायला लागले. नदी, तुम्ही, तुमच्या मुठीतले केस. सगळं मला आधीच माहीत होतं, तरी दर वाक्याला मी "मग?" म्हणत होते. आणि ताई, वर्गात गोष्ट जिथे संपते तिथे ती संपली नाही. पाण्याखाली असताना मनात काय आलं, ते त्यांनी मला सांगितलं. पोरांना ते कधीच सांगितलेलं नाही. आज मुद्दाम दुकानात जाऊन मी खात्री करून घेतली.

ते काय होतं, तुम्हाला लिहिणार नाही. रागावू नका. तुम्ही त्यांना वाचवलंत, ते तुमचं. हे माझं आहे.

पत्र इथेच थांबवते. आज डोंगरांचा धडा आहे, आणि तुमचा भाऊ टेबलाशी बसून कधीचा हाका मारतोय, "वही आणतेस ना?"

तुमची भावजय,
आठवीतली नवी विद्यार्थिनी