पत्रास कारण कांद्याचा वास

प्रिय सरकार,

पत्राच्या आरंभी तुझे संपूर्ण नाव लिहिले होते. नाव, आडनाव, सगळे रीतसर. मग ते खोडले. तुझ्या आजारपणात ते नाव मी रुग्णालयाच्या कागदांवर लिहीत होतो, आणि तू गेल्यावर त्या शेवटच्या दाखल्यावर लिहिले. त्या कागदांवरची बाई माझ्या ओळखीची नाही. माझ्या ओळखीची ती सरकार. तू माझ्या गळ्यात पहिल्यांदा एप्रन अडकवलास त्या दिवशी मी म्हणालो होतो, की एका सरकारातून निवृत्त झालो आणि दुसऱ्या सरकारात रुजू झालो. माझ्या आयुष्यातला बहुधा तो एकमेव विनोद. आणि तू तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलीस, जणू मी रोज असलेच काही बोलत असतो.

हे पत्र तव्याजवळच्या उंच स्टुलावर बसून लिहीत आहे. तवा घासून, पुसून, त्यावर तेलाचा हात फिरवून ठेवला आहे. खिडकीची फळी आत ओढून घेतली आहे, त्यामुळे समोरच्या आगारातल्या बसगाड्या ऐकू येतात, दिसत नाहीत. खुंटीवरचा तुझा एप्रन अजून काढलेला नाही. तो सर्वांत शेवटी काढेन. गाळा ठेवायचा की सोडायचा, हे आज संध्याकाळपर्यंत मालकांना सांगायचे होते. चष्म्याच्या दुकानासाठी कोणी तरी विचारते आहे म्हणे. मुलगी रविवारी येऊन गेली. ती तुझ्याच वळणावर गेली आहे, गोड बोलून नेमके दुखते तिथे बोट ठेवणारी. "बाबा, तुम्ही दुकान चालवत नाही आहात. तुम्ही दुकानात बसून आईची वाट बघताय," असे म्हणाली, आणि मग मला लागले असेल म्हणून माझ्या शर्टाची तुटलेली गुंडी शिवून दिली. मी मनाशी एक अट घातली: आजचा कांदा तुझ्या हातचा म्हणावा असा झाला, तर गाळा ठेवायचा; नाही झाला, तर निमूटपणे तिच्याकडे राहायला जायचे. रसायनशास्त्राच्या पदवीधराने असा कौल लावणे शोभत नाही, हे मी जाणतो.

तू हे हॉट डॉगचे दुकान काढायचे म्हणालीस तेव्हा मी किती पांडित्य केले होते, आठवते ना? पावाच्या पोटात सॉसेज घालून विकायचे, यात विशेष ते काय. असे तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तू शांतपणे म्हणालीस, "सॉसेज कुणीही भाजेल हो. लोक माझ्याकडे कांद्याला येतील." आणि आले. आगारातले चालक, वाहक, समोरच्या दवाखान्यातल्या परिचारिका, पलीकडच्या शिंप्याच्या दुकानातले दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नसत पण तुझ्या खिडकीशी एकाच वेळी येत. कांदा तू उभा चिरायचीस, देठाकडून मुळाकडे, म्हणजे तो शिजून लगदा होत नाही. लोणी, चिमूटभर मीठ, आणि मंद आच. "कांद्याला घाई केली की तो रुसतो, आणि रुसलेला कांदा नुसता काळा होतो, गोड होत नाही." तव्याच्या बुडाला तपकिरी थर धरला की चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडायचा आणि पुन्हा कांद्यातच मुरवायचा. मग शेजारी सॉसेज, त्यावर किसलेले चीज, वर वाडगा पालथा. वाफेने चीज वितळून सॉसेजच्या अंगावरून ओघळू लागले, की लोण्यात भाजलेल्या पावात ते अलगद सरकवायचे आणि वर त्या मधासारख्या कांद्याचे पांघरूण घालायचे. मी त्या काळी कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचत असे आणि खाताना 'बरे आहे' म्हणत असे.

मग तो ताप आला. ताप उतरला, पण जाताना तुझा वास घेऊन गेला. तुला साबण कळेना, दूध उतू गेलेले कळेना. "नाक कापलं गेलं असतं तर निदान चार लोकांना दिसलं तरी असतं," असे म्हणून तू हसलीस, आणि दुसऱ्या दिवशी कांदा जाळलास. आगारातला तो जाड्या चालक, तुझा मानलेला भाऊ, एक घास खाऊन म्हणाला, "ताई, आज भावजींचा राग कांद्यावर काढलात का?" सगळे हसले. तू आत वळलीस आणि फडताळाला टेकून उभी राहिलीस. तुझी पाठ मला दिसत होती. त्या संध्याकाळी तू पाटी उतरवायचे बोललीस. म्हणालीस, कांदा डोळ्यांनी होत नाही, नाकाने होतो. आणि सकाळी मात्र माझ्या गळ्यात एप्रन अडकवलास, मला या स्टुलावर बसवलेस आणि विचारलेस, "काय वास येतोय?"

मी म्हणालो, "कांद्याचा."

तू कपाळावर हात मारून घेतलास. "अहो, जन्मभर पाणी हुंगलंत ना? एवढंच शिकलात?" आता खरे तर जन्मभर मी तेच करत आलो होतो. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी बाटल्यांची बुचे काढायची, हुंगायचे, आणि तक्त्यातल्या 'वास' या रकान्यात लिहायचे: 'नाही'. उत्तम पाण्याची तीच खूण. नोकरीभर ज्याने 'नाही' लिहिले त्याला तू विचारत होतीस, काय आहे ते सांगा. मी पुन्हा हुंगले आणि सांगितले, की धातूसारखा आहे, डोळ्यांत बोचतो. तू म्हणालीस, "म्हणजे कच्चा आहे. पुढे?" पुढे ओल्या फडक्याने नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखा. पुढे इस्त्रीखालच्या सुती कापडासारखा. आणि एकदा मी म्हणालो, पिकलेल्या नासपतीसारखा. तर तुझा उलथणे धरलेला हात थांबला. "आपल्या पहिल्या खोलीत खालच्या फळवाल्याचा वास वर यायचा, तसा?" हो, अगदी तसा. मग त्या खोलीची गोष्ट निघाली. न बंद होणारी खिडकी, एकच उशी, आणि मी तुला पहिल्या महिन्यात 'आपण' म्हणत असे ते. तोवर कांदा सोनेरी झाला.

त्यानंतर तेच आपले रोजचे झाले. सुताराच्या भुशाचा वास आला, की तुझे वडील. चामड्याच्या जुन्या बॅगेचा आला, की मुलीची शाळा. आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर मीठ द्या, पाणी घ्या, यापलीकडे न गेलेला मी, या तव्याजवळ इतके बोललो, की घसा बसे. मुलगी एकदा दारात उभी राहून ऐकत होती आणि नंतर तुला म्हणाली, "आई, बाबांना नक्की काय पाजलंस?" तू म्हणालीस, "कांदा हुंगायला दिला."

तू गेल्यावर दुकान चालू ठेवायचे, हे मी कोणाला न विचारता ठरवले. नाक माझेच होते. तेव्हा अडायचे कारण नव्हते, असा माझा तर्क. मी तापमापक आणला. आच मोजली, कांदा मोजला, वास आला त्या त्या क्षणी टिपला, आणि नासपतीचा वास येऊन कांदा सोनेरी दिसताच तवा उतरवला. लोक सोसून घेत राहिले. शिंपी बंधू वेगवेगळ्या वेळी येऊ लागले. चालक मात्र रोज ठरल्या वेळी येऊन पूर्ण हॉट डॉग संपवी, कर्तव्य पार पाडावे तसा. एकदा मीच विचारले, काय कमी पडते. तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "साहेब, राग नका मानू. ताईंचा कांदा गोड होता. तुमचा बरोबर असतो." मी त्याचे आभार मानले. आत येऊन फडताळाला टेकून उभा राहिलो, जिथे तू उभी राहिली होतीस तिथेच.

आता जे आजवर आपल्या दोघांपैकी कोणीच बोलले नाही, ते लिहितो. तुला वास पुन्हा येऊ लागला होता. केव्हा, ते मला ठाऊक नाही, पण मला कळले तो दिवस ठाऊक आहे. तू बाहेर फुटपाथवर परिचारिकांशी गप्पा मारत होतीस. मी आत पाव कापत होतो आणि सर्दीने माझे नाक बंद होते. तू बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर टाकलेस, लगबगीने आत आलीस, थेट आच कमी केलीस, पाणी शिंपडलेस. मग माझ्याकडे वळून, अगदी निरागस चेहऱ्याने, विचारलेस, "काय वास येतोय?" मी बंद नाकाने एक खोल श्वास घेतला आणि म्हणालो, "जरासा करपट होता, पण आता निवळतो आहे." तू मान डोलावलीस. त्यानंतर कित्येक महिने तू विचारत राहिलीस आणि मी सांगत राहिलो. मला कळले आहे, हे तुला कळले असावे. तू कशासाठी विचारतेस, हे मला कळत होते. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की संपतात, म्हणून दोघेही गप्प राहिलो. आणि मग तो दुसरा आजार इतक्या वेगाने आला, की बोलायला अवधी मिळाला नाही.

आज सकाळी तापमापक खणात ठेवला. कांदा उभा चिरला. लोणी, मीठ, मंद आच. आणि रिकाम्या गाळ्यात, मोठ्याने, म्हणालो, "अजून कच्चा आहे. डोळ्यांत बोचतो." माझाच आवाज मला परका वाटला. तुझ्या 'पुढे?'साठी मी थांबलो. मग पुढचे सांगितले. नासपतीशी आलो तेव्हा पहिल्या खोलीची गोष्ट निघाली. ती मी पूर्ण सांगितली, तुझे वाक्य जिथे यायचे तिथे तेवढी जागा सोडून. भुशाशी तुझे वडील आले. आणि तिथे माझ्या ध्यानात आले, की कांदा अजून तव्यावरच आहे. एरवी याच्या कितीतरी आधी मी तो उतरवून मोकळा झालेला असे. वासाची खूण पटली की मी काम संपवत होतो. तू खूण पटल्यावर गोष्ट सांगायला लावायचीस, आणि तेवढ्या वेळात कांदा मुरायचा. तुझ्या पाककृतीतला तो एक जिन्नस मला मोजता आलाच नसता. माझ्या कांद्यात आपले बोलणे नव्हते.

चालक आला. मी चीज वितळवले, पावात सरकवले, वर कांदा घातला आणि खिडकीतून पुढे केला. पहिल्या घासाला तो थांबला. दुसरा घेतला. मग सगळा संपवला, कागदाला चिकटलेले चीज अंगठ्याने पुसून खाल्ले, आणि खुंटीवरच्या एप्रनकडे पाहत म्हणाला, "हा ताईंचा कांदा." थोड्या वेळाने, नाक शिंकरून, "मग आता उद्यापासून हाच ना, साहेब?" मी म्हणालो, "तुमची बस सुटेल." तो गेला. उरलेला कांदा शिंपी बंधूंना, परिचारिकांना दिला. कोणाकडून पैसे घेतले नाहीत. दोघे भाऊ आज एकत्र आले होते.

अट पुरी झाली होती. गाळा ठेवायला हवा होता. पण 'उद्यापासून' हा शब्द माझ्या कानातून जाईना. असा कांदा रोज करायचा, तर रोज असे बोलावे लागेल, आणि रोज तुझ्या वाक्यापुरती जागा सोडून थांबावे लागेल. आज ती जागा रिकामी राहिली, आणि कांद्याचे फक्त चुरचुरणे ऐकू येत राहिले. ते एकदा सोसले. रोज सोसवणार नाही. मुलगी बरोबर बोलली होती. मी वाटच पाहत होतो. मालकांना निरोप धाडला आहे.

पत्रास कारण एवढेच, की आज तू विचारले नाहीस, आणि विचारले नाहीस म्हणून सांगायचे राहू नये. तर सांगतो. आरंभी धातूसारखा. मग पुसलेला फळा. इस्त्री. नासपतीचा वास बराच वेळ टिकला, कारण गोष्ट लांबली. मग भुसा, मग चामड्याची बॅग, आणि अगदी अखेरीस एक असा वास, ज्याला तू असताना मला कधी नाव देता आले नाही आणि आजही देता येत नाही. तो आला की तू 'झालं' म्हणायचीस. तो आला, सरकार. झालं. आता तवा गार आहे. तुझा एप्रन खुंटीवरून काढून नाकाशी धरून पाहिला. ज्या रकान्यात मी जन्मभर 'नाही' असे लिहीत आलो, त्यात आज लिहितो: आहे.

तुझाच,
आज्ञाधारक

ता. क. — एप्रन घडी करून सोबत घेतला आहे. दाराला कुलूप लावले. किल्ल्या मालकांना परत केल्या.