तृष्णेवर वीस मिनिटं

३ तारीख, सोमवार
वाचनालयाबाहेर पाटी लागली. रविवारी संध्याकाळी पाचला व्याख्यान : बुद्ध आणि त्याची शिकवण. वक्ता मी. वेळ वीस मिनिटं. लगेच नंतर नव्या अध्यक्षाची निवड. दुसरा उमेदवार दातांचा डॉक्टर. त्याचं मधमाश्यांवरचं भाषण लोक अजून विसरत नाहीत. मला पदाचा मोह नाही. खुर्ची फक्त बघून ठेवली. हात असलेली आहे.

सराव सासूबाईंच्या खोलीत. उभा आरसा तिथेच आहे. सासरे गेल्यापासून, म्हणजे तीन महिने, त्या आमच्याकडे आहेत. खिडकीशी बसून असतात, तोंडातून शब्द नाही. बायकोला घोर लागलाय. मला सोयीचं आहे.

४, मंगळवार
सुरुवात फर्स्ट क्लास. राजपुत्र. बापाने महालात दुःख शिरूच दिलं नाही. एक दिवस रथातून बाहेर पडला आणि म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, शेवटी एक शांत संन्यासी. एकोणतिसाव्या वर्षी घर सोडलं. मी एकोणतिसाव्या वर्षी बस डेपोत लागलो. हे भाषणात घालावं का? घालतोच.

पुढे सहा वर्षं उपास, हाडांचा सापळा. मग कळलं, चैन नको आणि छळही नको, मधला मार्ग बरा. पिंपळाखाली बसला, बोध झाला. आजपासून मीही मधला मार्ग. चहा चारऐवजी दोन.

संध्याकाळी : पाच झाले. त्यातले तीन साहेबांनी पाजले, ते धरत नाही.

५, बुधवार
चार आर्यसत्यं. दुःख आहे. त्याचं मूळ तृष्णा, म्हणजे हे हवं, ते हवं, आहे ते जाऊ नये. तृष्णा सुटली की दुःख सुटतं. ती सुटायला आठ अंगांचा मार्ग. 'तृष्णा' म्हणताना मूठ आवळतो. आरशात छान दिसतं.

ऐन रंगात सासूबाई बोलल्या. माणूसच गेलं तर, म्हणाल्या, त्यात कसली तृष्णा? मी म्हटलं, प्रश्न शेवटी. लय तुटते.

६, गुरुवार
डेपोत माझ्याकडे हरवलेल्या वस्तूंचा विभाग. बसमध्ये जे राहतं ते माझ्या खिडकीवर येतं. आज एक गृहस्थ छत्री मागायला आले. मी म्हटलं, छत्री अनित्य आहे, खरी अडचण तुमची आसक्ती आहे. शिकवण जगायला नको? त्यांनी छत्री घेतली आणि तक्रारवही मागितली. पानभर लिहिलं. साहेबांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मन शांत ठेवलं. तो गृहस्थ पुन्हा भेटू दे फक्त.

संध्याकाळच्या सरावात मोहरीची गोष्ट घातली.

७, शुक्रवार
आठ अंगं : दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. सहा आठवतात, पण रोज वेगळी सहा. शेवटी बारा कार्डं केली. मोहरीची गोष्ट काढली. दोन मिनिटं खाते, आणि लोक रडत बसले तर मत कोण देणार? सासूबाईंनी विचारलं, ती का गाळली? वेळेचं गणित त्यांना काय कळणार.

८, शनिवार
ध्यान केलं. लक्ष फक्त श्वासावर. दुसऱ्याच श्वासाला दातांचा डॉक्टर आला. उठलो.

बायको म्हणाली, आई सकाळपासून खुर्ची आरशाकडे वळवून बसली आहे. श्रोत्यांवर पकड आहे माझी.

९, रविवार, संध्याकाळी सात
कार्डं बसमध्ये राहिली. माझी. मी त्याच विभागाचा.

उभा राहिलो. राजपुत्र, रथ, मग एकोणतिसाव्या वर्षी बुद्ध डेपोत लागला, असं बोलून गेलो. हशा. दुःख आहे, म्हटलं, आणि पुढचं सगळं गुल. पाणी आणून दिलं ते दातांच्या डॉक्टरने.

तेवढ्यात मागच्या रांगेत बायकोशेजारी बसलेल्या सासूबाई उठल्या. चारही सत्यं सांगितली, आठही अंगं, क्रमाने. मग मोहरीची गोष्ट. बाईचं लेकरू गेलं, ती मानायला तयार नाही, औषध द्या म्हणते. बुद्ध म्हणाला, ज्या घरात कधी कोणी गेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. ती दारोदार फिरली. मोहरी सगळ्यांकडे होती. तसं घर मात्र एकही नव्हतं. मग म्हणाल्या, आमच्याही घरात मोहरी आहे. आणि खाली बसल्या.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बायको रडत होती. माझ्या डोळ्यात पंख्याची धूळ गेली.

अध्यक्ष : सासूबाई, एकमताने. डॉक्टरने आधी हात वर केला, मग मला करावाच लागला.

१०, सोमवार
कार्डं आली. माझ्याच खिडकीवर. नियमाप्रमाणे अर्ज भरला, स्वतःची ओळख पटवली, दोन्हीकडे सह्या केल्या. घरी नेऊन सासूबाईंपुढे ठेवली. नकोत, म्हणाल्या, पाठ आहे.

पुढच्या महिन्याचं भाषण त्याच देणार. विषय करुणा. सराव आजपासूनच. आरसा नको, म्हणाल्या, जावईबापू, तुम्हीच बसा समोर.

बसलो. पाचव्या मिनिटाला मला एक शंका आली. प्रश्न शेवटी, म्हणाल्या.