कॅल्क्युलसची अट

३ ऑक्टोबर
कॉलेजची मान्यता तपासणारी ॲक्रेडिटेशनची टीम पुढच्या आठवड्यात येतेय. डीन हॅरिस कॉरिडॉरमध्ये भेटले. "डॉ. जे, तुमची अट आपल्याला तारणार!" दुसऱ्या वर्षी बिझनेसला यायचं तर कॅल्क्युलसमध्ये बी ग्रेड हवा. मीच सुचवलेली. यंदा वर्गात रिकाम्या खुर्च्या फार. पण दर्जा म्हटलं की... असो.

७ ऑक्टो.
कियारा ऑफिसात आली. कॅल्क्युलसला सी, म्हणजे बिझनेसला प्रवेश नाही. गेल्या सेमिस्टरला बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेत हिनेच परीक्षकांना गप्प केलं होतं. आता दुसऱ्या कॉलेजात ट्रान्स्फर घेतेय. "ब्लॅक मुलांना कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा या कॉलेजनं माझ्या आजीला घेतलं. मग आईला. मलाच नाही." मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. "येस मॅम." दार हळू लावून गेली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१० ऑक्टो.
टीम आली. टीमच्या बाईंनी विचारलं, ही अट कशासाठी? म्हटलं, तुमच्यासाठीच.
"आमच्यासाठी? आम्ही असं काही मागतच नाही. सगळ्यांना संधी, हे ध्येय तुम्हीच लिहिलंय. आम्ही तेवढंच तपासतो. मग मुलं बाहेर का?"

प्लेनोला घरी येऊन टीमचे निकष पुन्हा वाचले. खरंच कुठे नाही. मग मी आणली कुठून? नवरोबा मंदार म्हणाला, "अगं, पुण्यात कटऑफ वर म्हणजे कॉलेज भारी. तेच तुझ्या डोक्यात." ईशा जेवता जेवता: "सो यू जस्ट मेड इट अप, आई?"
हो. आणि 'का' म्हणून कुणी विचारलंही नाही.

११ ऑक्टो.
डीनना म्हटलं, अट काढा. "अटीला मतं आम्ही सगळ्यांनी दिली, डॉ. जे. मोठ्या कॉलेजांसारखं दिसायची हौस आम्हालाही होती." प्राध्यापकांचं पुन्हा मतदान घेतील. 'दर्जा घसरेल' म्हणणारे पुष्कळ आहेत. आणि कियाराला त्याआधीच तिकडे हो कळवायचंय.
तिला ईमेल केली: थोडं थांबशील? पाठवल्यावर घाबरले. कुठल्या अधिकारात विचारलं मी?

१२ ऑक्टो.
कियाराचं उत्तर आलं. "तिकडची जागा सोडली आणि तुम्ही मतदान हरलात, तर मी कुठे जाऊ, डॉ. जे?"
सकाळपासून लिहितेय, खोडतेय. मला माहीत नाही, हे खरं उत्तर. तेवढंच पाठवावं का?