बाबाच्या तोंडातला खर्रा

२ ऑक्टोबर, दसरा
बाबा दरवर्षीसारखा गावाहून दीक्षाभूमीवर आला होता. गर्दीत उभ्यानंच पंचशील घेतलं. मग मले बाजूला नेऊन म्हणे, गोलू, पाचव्या शीलात दारूसोबत आजपासून तंबाखूचा खर्राही धरायचा. म्हटलं, बाबा, त्यात तं खर्र्याचं नाव नाही. म्हणे, तेव्हा खर्रा निघाला नव्हता, म्हणून नाही. तू कंपनीत सोड, मी गावात सोडतो, जो आधी खाईन तो हरला. दोघांनी खिशातल्या खर्र्याच्या पन्न्या काढून कचऱ्यात टाकल्या. बाबाची भरलेली होती. माझ्या पन्नीत जरासाच उरला होता, पण भाव तोच.
मले सोपं आहे. मनात आणलं की झालं. बाबाचं कठीण. लग्नाच्या आधीपासूनची सवय. बाबा हरणार.

५ ऑक्टोबर
एकदम क्लियर. डोकं दुखते, पण ते धाग्याच्या मशीनच्या आवाजानं. सुपरवायझरवर ओरडलो, त्याचीच चुकी होती. रूमवरचा रोशन म्हणे, तोंड रिकामं ठेवू नको, नुसती सुपारी चघळ. चालते. सुपारी म्हणजे फळ.

९ ऑक्टोबर
सुपारी कोरडी लागते. जरासा चुना लावला. चुन्यात कॅल्शियम असते. लहान पोराइले गोळ्या देतात त्याच्या.

१४ ऑक्टोबर
रोशनले खर्रा घोटता येत नाही. चोळता चोळता पन्नीच फाडून टाकते. शेवटी मीच घोटून दिला. दोस्तीत एवढं करावं लागते. आता तंबाखू बरोबर पडला की नाही, हे चाखल्याशिवाय कसं समजन? चाखणं म्हणजे खाणं नाही. आचारी भाजी चाखते, त्याले कोणी जेवला म्हणत नाही.

२१ ऑक्टोबर, दिवाळी
सुट्टी नाही भेटली. गावाले फोन केला. मी इतकं बोललो, बाबा नुसता हं, हं. एकदोन शब्द बोलला तेही मान वर करून, थुंक सांभाळून बोलल्यासारखे.
मी काय नवा आहो? गाल भरलेला असला की माणूस असाच बोलते. मीही तसाच बोलून राहिलो होतो, पण माझ्या तोंडात सुपारी होती, ती गोष्ट वेगळी.
बाबा हरला! पण मी बोलून दाखवलं नाही. सणासुदीले म्हाताऱ्या माणसाची इज्जत काहून काढा.
अन् बाबाच खाऊन राहिला तं मी एकट्यानं काहून उपाशी मरू? संध्याकाळी पानठेल्यावर गेलो. एकच घेतला. जिंकल्याचा.

८ नोव्हेंबर
आईचा फोन. म्हणे, बाबाचं तोंड आलं, गाल फाटला, तिखट बिलकूल चालत नाही, भात पातळ करून गिळते. मले हसूच आलं. चुना जास्त झाला की असंच होते. माझंही होते. म्हटलं, त्याले म्हणा, चुना कमी कर. आई म्हणे, कोणता चुना गा?
भोळी आहे आमची माय. लपवून खाणारा माणूस घरी सांगून खाते का?
तुझं कसं आहे म्हणे. म्हटलं, दसऱ्यापासून खर्र्याले हात नाही लावला. खरंच आहे. आता ठेलेवालाच घोटते.

६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन
आज पक्कं. एवढा मोठा दिवस, आज तं सोडलाच पाहिजे. दुपारपर्यंत काही नाही. मग रोशन गुपचुपच्या ठेल्यावर पाणीपुरी खायले घेऊन गेला. गुपचुप तोंडात शिरेच ना. आजकाल खूपच मोठे करून राहिले. फोडून खाल्ला तं सगळं पाणी शर्टावर. रोशन म्हणे, पूर्ण आ कर बरं. म्हटलं, तू डॉक्टर लागून गेला का बे? मिरचीही भेसळीची होती, तोंडात आग लागली. आग विझवायपुरता थोडा खर्रा खाल्ला. तो दवा म्हणून.

२८ डिसेंबर
बाबा आता फोनवरच येत नाही. आई म्हणे झोपला. परवाही झोपला होता. मले सगळं समजते. हरलेल्या माणसाले आवाज नसते.
प्लॅन: सुट्टी घेऊन न सांगता गावाले जायचं. बाबाले रंगेहाथ पकडायचं. लय नाही बोलायचं. नुसतं हसायचं, अन् म्हणायचं, जाऊ दे बाबा, आता दोघं मिळून नव्यानं सोडू. मी तं सोडलेलाच आहो म्हणा.

११ जानेवारी
कामिनीचा फोन. म्हणे, दादा, बाबाले नागपूरले आणलं, मोठ्या दवाखान्यात. गालात गाठ आहे, जबडा उघडत नाही. म्हटलं, मले आधी काहून नाही सांगितलं वं? म्हणे, बाबानंच सांगू दिलं नाही. तू सुट्ट्या टाकशीन, कंपनी काढून टाकन म्हणे.
बहीण आमची पहिल्यापासून घाबरट. दाढेची सूज असन. उद्या हाफ डे मागितला.

१२ जानेवारी
बुटीबोरीहून बसनं आलो. रस्त्यात एक खाल्ला. असल्या टेन्शनचा कोणी धरत नाही. दवाखान्याच्या नळावर चूळ भरून वर गेलो.
बाबा अर्धा झाला. नाकात नळी. दाढेची सूज नाही.
आई मले व्हरांड्यात घेऊन आली. म्हणे, दसऱ्यापासून एक कण नाही खाल्ला गा त्यानं. लोकं ठेल्यावरून आवाज देत, तं हा रस्ता बदलवून जाये. तोंड आलं तेव्हा सगळे म्हणत, सोडला म्हणूनच आलं, थोडा खा, बरं वाटन. तं म्हणे, माझा गोलू तिकडं एकटा पाळून राहिला, मी बाप होऊन कसा तोडू?
आत गेलो. बाबानं माझ्याकडं बोट केलं, मग तोंडाकडं, मग हात झटकला. सोडला ना? मी मान हलवली. हो. बाबा एका गालानं हसला. दोन बोटं वर केली. दोघंही जिंकलो. मग मानेले धरून मले जवळ ओढलं, लहानपणी ओढे तसंच. माझ्या गालाले त्याचं नाक लागलं.
तिथंच थांबला, दोनदा श्वास ओढला. मग मानेवरचा हात ढिला झाला, अन् चादरीवर परत गेला.
चूळ मी चांगली भरली होती.
बाबा काही बोलला नाही. त्याले बोलता येत नाही, म्हणूनच नाही बोलला.