टोप्या चौतीस

३ नोव्हेंबर, सोमवार

दीपगृह, मत्स्यालय, संग्रहालय, धक्का. शहर दाखवणाऱ्या बसची दिवसाला एक फेरी, एकवीस वर्षं. "आता डाव्या बाजूला पाहा" हे मी झोपेतही बडबडते म्हणे, नवरा सांगतो. आज सगळ्यांनी डावीकडे पाहिलं, एकानं उजवीकडे. असायचाच एखादा!

५ नोव्हेंबर

प्रवाशांसाठी नवीन टोप्या आल्या. भडक नारिंगी. साहेबांचा हुकूम — प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायची, टोप्या नव्हे, आणि तीही शेवटच्या सीटपर्यंत जाऊन. हो म्हटलं. कोण जातंय! आम्ही सगळ्या गाईड पुढेच उभ्या राहतो आणि सीटवरून डोकावणाऱ्या टोप्या मोजतो. ड्रायव्हर — रोज कडक इस्त्री आणि अत्तर, म्हणून आम्ही त्याला नवरदेव म्हणतो — म्हणाला, "बाई, एक दिवस नुसत्या टोप्यांनाच शहर दाखवून आणाल."

८ नोव्हेंबर, शनिवार

चौतीस प्रवासी. शेवटच्या सीटवर एक मावशी, सत्तरीच्या. मुलगा-सून अगदी पुढे, खिडकीपाशी. दर थांब्यावर मुलाचं एकच पालुपद — "आई, तू बस इथेच. तुला नाही झेपायचं." सूनबाईंची खरेदी मावशींच्या मांडीवर. दीपगृहावरून काय काय दिसतं ते मी त्यांना खाली बाकावर बसूनच सांगितलं.

"पलीकडच्या किनाऱ्याला माझी मैत्रीण असते," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं बोलावतेय. एकत्र राहू म्हणते."

"मग जा की! धक्क्यावरून बोट असते."

"सोडतंय कोण? माझं घर विकलं ना. मला विचारलं — सह्या झाल्यावर."

शिट्टी वाजवली, सगळ्यांना बसमध्ये चढवलं.

धक्क्यावर वीस मिनिटं थांबलो. टोप्या चौतीस भरल्या. निघालो.

सुरुवातीच्या थांब्यावर परतलो, तर मुलाचा आरडाओरडा. मागच्या सीटवर खरेदीच्या पिशव्या, एकीवर एक रचलेल्या, आणि सगळ्यांत वर टोपी! "आईला हरवलंत तुम्ही!" पाऊण तासात त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. हे मी त्याला ऐकवलं नाही. बोलायची सोय होती का?

संध्याकाळी मावशींचा त्याला फोन आला. बस चुकली, मैत्रिणीकडे आलेय, बरी आहे. हुश्श!

१० नोव्हेंबर

मुलगा आणायला गेला होता. हात हलवत परत आला. मावशी म्हणाल्या म्हणे, "आलेच आहे तर राहते." तो सगळा राग माझ्यावर. लेखी तक्रार — गाईडनं आईला टाकून बस नेली.

११ नोव्हेंबर

साहेब म्हणाले, "एकवीस वर्षांत कुणाची छत्री नाही विसरलात, आणि आता अख्खं माणूस?" शुक्रवारी चौकशी. बसवरचं काम काढून घेणार, हे जवळजवळ नक्की.

नवरदेव म्हणाला, "बाई, मी सांगतो की मलाच घाई झाली होती." म्हटलं, तुम्ही तुमची इस्त्री सांभाळा.

मग डेपोतल्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. मला हे काम आवडतं. कुणाला कधी सांगितलं नाही एवढंच.

१२ नोव्हेंबर

ऑफिसात मावशींचा फोन. नंबर तिकिटावर असतो.

"टोपी मीच ठेवली, असं कळवते तुमच्या साहेबांना. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय नको."

"काही नको! मुद्दाम राहिलात म्हटलं तर मुलगा म्हणेल आईचं डोकं फिरलंय, आणि उचलून नेईल. बस चुकली, एवढंच म्हणायचं."

मग म्हणाल्या, "काल आम्ही दोघी तासभर चाललो. वाळूतून. पायांना काही झालं नाही हो!"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकशी. तीन खुर्च्या, एक पंखा, साहेबांच्या चष्म्याची काडी मोडलेली.

"सीटपर्यंत जाऊन मोजलंत?"

"नाही."

"चूक कबूल?"

"कबूल."

सही केली. सोमवारपासून मत्स्यालयाची तिकीट खिडकी. माझ्या बसवर दुसरी मुलगी येणार. आवाज चांगला आहे तिचा, घाई फार करते.

१५ नोव्हेंबर

चौकशी होईपर्यंत हे या वहीतही लिहायची छाती झाली नाही. त्या दिवशी धक्क्यावर मी शेवटच्या सीटपर्यंत गेले होते. पिशव्या पाहिल्या, वरची टोपी पाहिली. काचेतून मावशी दिसल्या, बोटीच्या रांगेत. त्यांनीही मला पाहिलं. मी पुढे आले आणि नवरदेवाला म्हटलं, "चला, सगळे आलेत."